शेतोबाची खोली

१

अमरावतीत कुणाची घागर विहिरीत पडली की बोलावणं मला यायचं. गळ टाकून टाकून माणसं थकली की शेवटी म्हणत, "खुशालरावच्या भगवंताले आना." मी काठावर उभा राहून एक मोठा श्वास भरायचो आणि तळाला जायचो. गाळात हात घालून घागर, लोटा, क्वचित कुणाची पाटली शोधायचो आणि माझ्या सवडीने वर यायचो. एकदा मी वर येण्याआधीच एका म्हातारीने गळा काढला होता. मी पायरीवर बसून अंग पुसायला लागलो तरी तिचं रडणं थांबेना, कारण एकदा सुरू केलं ते केलं.

खुशालराव म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप गेला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि मी पाच. त्याने मला बहिरमच्या यात्रेत खांद्यावर घेऊन फिरवलं, सातवीपर्यंत शाळेत पाठवलं, आणि भाकरीचा पापुद्रा नेहमी माझ्या ताटात टाकला. दादाबद्दल कुणी वाकडं बोललं की मी अंगावर धावून जायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझा तोल जाणार आहे.

वडाळीच्या वाटेवर आमचा मळा. झेंडू, शेवंती, थोडी वांगी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा झेंडू तोडून अंगणात एकच रास घालायची, आणि बाजारात नेण्याआधी घरातल्या कर्त्याने राशीमागे बसून विचारायचं, "मी दिसतो काय?" समोर बसलेल्यांनी एका आवाजात म्हणायचं, "नाई दिसत!" रास एवढी मोठी झाली की माणूस झाकला गेला, असा त्याचा अर्थ. दिसत असला तरी नाहीच म्हणायचं. लहानपणी मी एकदा ओरडलो होतो, "दिसते! दादाचं पागोटं दिसते!" दादाने मला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "राशीपुढं खरं नाई बोलत बावा. मळ्याचं वाईट होते."

त्या दोन वर्षांत पावसाने दगा दिला होता. विहिरीच्या सव्वीस पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि तळाशी मोट बुडेल एवढंही पाणी नव्हतं. दादा सकाळ-संध्याकाळ काठावर बसून खाली बघत राहायचा. जेवायला हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही.

२

साहेबलोकांच्या कॅम्पात एक म्हातारा गोरा राहायचा. कापसाच्या एका जिनात यंत्रांवरचा साहेब होता. पोलंड नावाच्या मुलखातला, आणि त्याचं नाव आमच्या जिभेला पेलेना म्हणून सगळे त्याला पोलसाहेब म्हणत. तो रविवारी चर्चला जात नसे, आणि हे आमच्यापेक्षा कॅम्पातल्या खानसाम्यांनाच जास्त खटकायचं. दादा त्याला रोज परडीभर फुलं द्यायचा. एक दिवस साहेबाने दादाला विचारलं, दमाचा पक्का माणूस आहे का कुणी. दादाने माझं नाव सांगितलं.

"फक्त झाडायचं आहे तुले," दादा मला म्हणाला. "एक खोली. त्याच्या देवाची."

"गोऱ्याचा देव चर्चात असते ना?"

"याचा अलग आहे. तू कावून जास्त विचारून राहिला? जाय."

खोली बंगल्यामागे होती. आधी तिथे घोड्याचा दाणा ठेवत. आत परतवाड्याहून आणलेला सागाचा एक खांब उभा होता, माणसाच्या दीडपट उंच, आणि त्याला चार दिशांना चार तोंडं. साहेबाने दोन उन्हाळे खपून ती स्वतः कोरली होती. त्या देवाचं नाव स्वेतोविट की असंच काहीतरी. दादाने पहिल्याच दिवशी हात जोडले होते, "चार तोंडं म्हंजे ब्रह्मदेवच हाय," असं म्हणून, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने त्याला शेतोबा करून टाकलं. आमच्या लोकांचं काय, उभी वस्तू दिसली की हात जोडायचे, मग नाव द्यायचं. साहेब शेतोबा ऐकून खोकला येईपर्यंत हसला होता. त्याला ते आवडलं.

झाडण्याचा नियम एकच होता. साहेबाने तो त्याच्या बाजारी हिंदीत मला तीनदा सांगितला. "अंदर सांस नहीं लेना. आदमी का सांस उसको नहीं लगना. बाहर आके लेना, फिर अंदर जाना." त्याच्या मुलखाकडे एका बेटावर या देवाचं देऊळ होतं म्हणे. आठशे वर्षांपूर्वी जाळलं. तिथला झाडणाराही असंच करायचा. आता साहेबाने आणि त्याच्या चारदोन दोस्तांनी पुन्हा सुरू केलं होतं. बंद पडलेलं इंजिन सुरू केल्यासारखं तो ते सांगायचा. त्यांची पत्रं यायची, त्यावर अनोळखी तिकिटं असायची. साहेबाच्या स्वतःच्या छातीत मात्र वीस वर्षांचा कापसाचा फुफाटा बसला होता. दहा मोजेपर्यंतही त्याला दम धरवेना.

मला ते काम म्हणजे पोरखेळ वाटलं. पाण्याखाली यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

३

सहाव्या दिवशी सकाळी मी श्वास भरून आत गेलो आणि झाडू टेकवला, तर खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं.

मी थबकलो. पाण्याखाली राहायची सवय असलेल्या माणसाला शांतता चांगली कळते. आपला श्वास बंद असला की आपलं काळीज तेवढं ऐकू येतं. इथे काळजाशिवाय आणखी एक आवाज होता. सावकाश आत, बराच वेळ काहीच नाही, मग सावकाश बाहेर. बसलेला बैल घेतो तसा.

मी बाहेर येऊन दम घेतला आणि विचार केला. साहेब जिनात गेलेला, म्हणजे त्याचा दमा नव्हे. खिडकी नाही, म्हणजे वारा नव्हे. सागात पोकळी असेल आणि उन्हाने लाकूड बोलत असेल, असं मी ठरवलं. सातवी शिकलेल्या माणसाला काहीतरी ठरवावं लागतं. पुन्हा आत गेलो. आवाज भिंतीकडे तोंड केलेल्या चौथ्या चेहऱ्यापाशी होता. तो चेहरा मी कधी बघितला नव्हता, कारण त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये फक्त झाडू जायचा. त्या दिवशी तिथे मी झाडलं नाही.

बाहेर आलो तर साहेबाचा घोडा दिसला. पांढरा शुभ्र घोडा. त्यावर साहेब बसत नसे, कुणाला बसू देत नसे. घोडा घामाने निथळत होता आणि पोटापर्यंत काळ्या ओल्या चिखलाने माखला होता. मी त्याच्या पायाचा चिखल बोटाने काढून बघितला. खरोखर ओला होता. त्या दिवसांत सबंध अमरावतीत चिखल करायचा म्हटला तर बादलीभर पाणी विकत घ्यावं लागलं असतं.

संध्याकाळी साहेबाला घोड्याचं विचारलं. त्याने फुलं निवडता निवडता सांगितलं, "वो ले जाता है." आणि भिंतीकडे नाही, अंगणाकडे नाही, खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

४

घरी आलो तर मळ्यात गडबड. दादा विहिरीच्या काठावर उभा राहून हसत होता, आणि दादाला हसताना मी वर्षभरात बघितलं नव्हतं.

"भगवंत, पाह्य! दोन पायऱ्या बुडाल्या!"

पाणी चढलं होतं. काठाभोवती घोड्याच्या टापा उमटल्या होत्या. आमच्याकडे घोडा नव्हता. मी टापांकडे बोट दाखवलं, तर दादाने पायाने माती सारून त्या बुजवल्या आणि म्हणाला, "चांगल्या गोष्टीले नजर नको लावू."

त्यानंतर मी रोज झाडून आलो की पाणी एखादी पायरी चढलेलं असायचं. झेंडूने मान वर काढली. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण दुसरीही एक गोष्ट सुरू झाली होती, आणि ती मी बरेच दिवस कुणालाच सांगितली नाही.

बंगल्याच्या फाटकावरचा नत्थुजी मला रोज रामराम करायचा. तो करेनासा झाला. मला वाटलं, रागावला असेल. मग बाजारात एकाने भरलेली पाटी सरळ माझ्या पायावर ठेवली आणि मी ओरडल्यावर दचकून म्हणाला, "अरे, तू कुठून आला?" मी तिथे घटकाभर उभा होतो. मग एका दुपारी मी ओसरीत बसलेलो असताना माझी बायको सुभद्रा चूल लिंपत होती, गुणगुणत होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण माझ्यासमोर ती कधी गुणगुणली नव्हती. मी खोकलो. तिच्या हातातला पोतेरा पडला.

"अवो, तुमी केव्हा आले?"

"मघाशीच आलो. तुह्या समोरून आलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना करतात तसे. "अस्सं कसं," ती म्हणाली. "मले दिसले कसे नाई?" रात्री तिने दादाचं ताट वाढलं, वहिनीचं वाढलं, आणि मी मागितल्यावर माझं वाढलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून तिथं जाऊ नका. मले भेव लागून राहिलं."

मी विहिरीवर जाऊन पायऱ्या बघितल्या. सव्वीसपैकी सतरा बुडाल्या होत्या. मला हिशेब करायचा नव्हता, पण तो आपोआप झाला. पाणी वर येत होतं आणि मी खाली जात होतो.

५

"दादा, मी आता जात नाई," मी सांगितलं. जे जे झालं ते सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. मी त्याच्या जागी असतो तर हसलो असतो.

तो हसला नाही. त्याने विचारलं, "किती जणाईले दिसत नाईस?"

हा प्रश्न मला तेव्हाच खटकायला हवा होता. पण दादा होता तो. दादाने विचारलं म्हणजे काळजीने विचारलं.

"दसऱ्यापर्यंत जाय," तो म्हणाला. "दहा दिवसांचा सवाल हाय. झेंडू निघाला की मी सायबाले सांगतो, दुसरा माणूस पाह्य म्हणून. नाई भेटला तर मी जाईन. मह्या हातानं वाढवलं तुले. तुले काही होऊ देईन काय?"

मी गेलो. दहाही दिवस गेलो.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी साहेबाने दादाला बंगल्यावर बोलावलं. त्याला शेतोबाचा सण करायचा होता. त्याच्या मुलखात देवापुढे मध घालून भाजलेली माणसाएवढी पोळी ठेवत, इथे तेवढा मध कुठला. म्हणून त्याने आमची झेंडूची रास मागितली, बाजारात जाण्याआधी तासभरापुरती. मी घोड्यापाशी उभा राहून दोघांना बघत होतो. साहेब बराच वेळ बोलला. बोलताना त्याने दोनदा बोट हलवून कशाला तरी नाही नाही म्हटलं. दादा मान डोलवत होता.

"काय म्हणे?" मी वाटेत विचारलं.

"काई नाई. आपल्यासारखंच हाय," दादा म्हणाला. "झाडणाऱ्यानं राशीमागं उभं राहायचं आन् विचारायचं, दिसतो काय. बाहेरच्यानं जवाब द्यायचा. मग तू मोकळा."

"जवाब काय द्यायचा?"

"आपल्यासारखाच," दादा म्हणाला. मला त्या वेळी घरच्यासारखं वाटलं. परक्याच्या देवाजवळही आपलीच रीत निघाली म्हणून बरं वाटलं.

६

चाळीस पाट्या झेंडू आम्ही दसऱ्याच्या आदल्या सकाळी खोलीत ओतला. रास माझ्या कपाळाच्या वर गेली. एवढं पीक आमच्या मळ्याने कधी दिलं नव्हतं. मी अंगणात येऊन श्वास भरला. साहेब धुतलेले कपडे घालून, पांढरी दाढी विंचरून उभा होता. दादा त्याच्या शेजारी, दारासमोर. दादाने नवं पागोटं बांधलं होतं.

मी आत गेलो आणि राशीमागे उभा राहिलो. पाठीशी खांब, समोर फुलं. विचारण्यापुरता श्वास सोडायचा, घ्यायचा मात्र नाही.

त्या क्षणी माझ्या तोंडासमोरच्या पाकळ्या हलल्या.

माझा श्वास बंद होता. ओठ मिटलेले होते. तरी पाकळ्या हलक्या पुढे जात होत्या, थांबत होत्या, आणि मागे येत होत्या. माझ्या मानेवरून, दोन्ही कानांच्या बाजूने कुणाचा तरी श्वास जात होता, आणि त्याला मधाचा आणि ओल्या मातीचा वास होता. मागे वळायची हिंमत झाली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात एवढंच दिसलं की भिंत आणि चौथा चेहरा यांच्यात आता फक्त झाडूपुरती जागा नव्हती. तिथे आणखी काहीतरी उभं राहील एवढी जागा झाली होती.

मी विचारलं, "मी दिसतो काय?"

फुलांच्या फटीतून मला दादा दिसत होता. त्याचा डावा डोळा, पागोट्याची कड, मिशी. त्याचा डोळा थेट माझ्या डोळ्यात होता.

"नाई दिसत," दादा म्हणाला.

"नहीं! नहीं!" साहेब ओरडला. त्याने दादाचं मनगट धरलं. "दिसता है बोलो! मैंने बोला था ना! ऐसा बोला तो वो रख लेता है! भगवंत, फिर पूछो! जल्दी!"

माझ्याकडे शेवटचा थोडा दम उरला होता. विहिरीच्या तळाशी तेवढा मी नेहमी राखून ठेवायचो, वर येण्यासाठी. तो मी खर्चला.

"दादा, मी दिसतो काय?"

मला वाटलं, त्याला कळलं, आता म्हणेल. त्याने मान वळवून वडाळीच्या दिशेला बघितलं, मळा होता तिकडे. मग पुन्हा राशीकडे वळला.

"नाई दिसत," तो म्हणाला. या वेळी हळू.

माझा दम संपला. मी तोंड उघडून आत श्वास घेतला आणि जोरात सोडला. पाकळ्या हलल्या नाहीत. मी पुन्हा फुंकलं, जवळ जाऊन फुंकलं. एकही पाकळी हलली नाही. आणि पाठीमागचा श्वास थांबला होता.

साहेब धापा टाकत आत आला. नियम मोडून, खोकत, माझं नाव घेत तो राशीच्या मागे आला आणि माझ्या छातीसमोर उभा राहून चारी बाजूंना बघू लागला. "भगवंत? भगवंत!" मग तो त्या फुलांत गुडघ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. दादाने पाट्या आणल्या आणि एका बाजूने फुलं भरायला लागला. अंबादेवीच्या देवळापुढे त्या दिवशी आमच्या झेंडूवर उड्या पडल्या.

७

घरी दादाने सांगितलं, भगवंत साहेबाच्या ओळखीने अकोल्याला जिनात लागला. सुभद्राचं माहेर अकोल्याचं. तिने आपल्या भावाला, जानरावला, निरोप पाठवला. तो सगळी जिनं धुंडाळून इथवर आला आणि म्हणाला, असा कुणी माणूस तिथे नाही. दादाने त्याला जेवू घातलं आणि म्हणाला, "गेला असन पुढं कुठं. तरण्या माणसाचं काय सांगता येते?" मी चुलीपाशी उभा राहून हे ऐकलं. सुभद्रा अजून एक ताट जास्तीचं काढते, थोडा वेळ त्याच्याकडे बघते आणि परत ठेवते. मी तिचं नाव घेऊन घसा फोडला आहे. तिला वाटतं, दार वाजलं.

पोलसाहेब आठवड्याच्या आत मुंबईच्या गाडीत बसला. खोलीला कुलूप लागलं. घोडा मात्र त्याच्याबरोबर जायला तयार होईना. तो आमच्या विहिरीपाशी येऊन उभा राहतो, बांधावा लागत नाही. तो माझ्याकडे बघतो. पण घोड्याची साक्ष कोण धरतो?

विहीर काठोकाठ भरली. एकही पायरी दिसत नाही. मी कधीमधी तळाशी जाऊन बसतो. आता दम संपत नाही, म्हणून वर यायची घाई नसते.

वर्षभर मी दादाची बाजू घेतली. हे खोटं नाही. मी स्वतःशी म्हणालो, सवयीने बोलला तो. राशीपुढं आमच्या घरात दुसरं उत्तर कुणाच्या तोंडी येतच नाही. म्हणालो, साहेबाची हिंदी त्याला कळली नसेल. म्हणालो, रास उंच होती, मी त्याला खरोखर दिसलो नसेन, आणि दुसऱ्यांदा तर तो घाबरला होता. ज्याने पापुद्रा आपल्या ताटात टाकला त्याच्याबद्दल माणूस आणखी किती कारणं शोधू शकतो, विचारू नका. शोधतो.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरातले सगळे मला धडकतात. वहिनीचं कोपर लागतं आणि ती खांबाला शिव्या देते. सुभद्राची घागर माझ्या खांद्याला लागते आणि ती चौकटीकडे बघते. दादाचा धक्का मला वर्षभरात एकदाही लागलेला नाही.

काल सकाळी मी मळ्यात वाफ्यांमधल्या अरुंद बांधावर मुद्दाम मधोमध उभा राहिलो. दादा डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन, नजर खाली करून येत होता. माझ्यापासून हातभर अंतरावर तो बांधावरून उतरला. ओल्या वाफ्यात घोट्यापर्यंत रुतला, दोन रोपं तुडवली, मला वळसा घातला आणि पुन्हा बांधावर चढला. वाफ्यात पाय ठेवला म्हणून याच माणसाने लहानपणी माझ्या पायावर काठी मारली होती.

मी मागून हाक मारली. "दादा, मी दिसतो काय?"

तो थांबला. पाठ माझ्याकडेच होती. पाटीतली दोनचार फुलं त्याच्या खांद्यावरून खाली पडली.

"नाई दिसत," तो म्हणाला, आणि पाटी सावरत पुढे गेला.